प्रश्न मोजणारे चाचा

वाशीम जिल्ह्यातील समस्त सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वाशीम शहरात एका चपलांच्या दुकानावर, जिन्याच्या वरच्या टोकाला, बेलची दोन बटणं आहेत. कोणतं बटण कोणाचं हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. तरीही, ती आताच्या जागी बसवल्यापासून मी तिथे होतो तोवर, चुकीच्या माणसाची बेल एकदाही वाजली नाही. सदर बाब क्षुल्लक आहे असं ज्यांना वाटत असेल त्यांनी इथेच थांबावं, आपला मोबाईल काढावा आणि त्यात आपला स्वतःचा नंबर कुठे लिहिलाय ते शोधून दाखवावं. सापडला की मग सावकाश पुढे वाचावं.

बेलची ती बटणं लावणारा इसम म्हणजे आमचा घरमालक. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरी झाली. उभी हयात त्यांनी बसून काढली, असं चाची म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी ती खिडकी त्यांच्या मानेतून गेली नव्हती. कोणी बोलायला समोर आलं की ते मान खाली घालून उजवीकडे कलती करत आणि मग वर बघत. नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याची मान अवघडली आहे. मान ठणठणीत होती. खिडकीच्या अर्धगोल भोकातून माणूस जसा पाहावा लागतो, तसं ते भर रस्त्यातही माणसाकडे पाहत.

मी पुण्यातली नोकरी सोडून वाशीमला परत आलो होतो. चाळिशी उलटल्यावर माणसाला जे वेड लागतं ते मला लागलं होतं. आपल्या भागातल्या लोकांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं, असं ते वेड. बायको आणि मुलगी पुण्यातच राहिल्या. बायकोनं शांतपणे अट घातली होती: "दिवाळीपर्यंत कर. जमलं तर आम्ही तिकडे येतो. नाही जमलं तर तू इकडे ये." म्हणून मी चाचांच्या माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली. माझी कंपनी म्हणजे मी, एक टेबल आणि एक पंखा, जो चालू केला की कागद उडायचे आणि बंद केला की मी.

आता ती बेल. जिना चढून आलं की डावीकडे चाचांचं दार, उजवीकडे माझं. भिंतीवर एकाच पट्टीवर दोन्ही बटणं शेजारी शेजारी. माझ्याकडे आलेला माणूस हमखास चाचांना उठवायचा. मी म्हणालो, चाचा, नावाची चिठ्ठी चिकटवतो. चाचांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातला गॅसचा सिलिंडर मागितला होता.

"चिठ्ठी कायले? मानूस जिना चढून येते तवा दम लागेल असते त्याले. तो काय वाचत बसनार हाय काय?"

मग तीन दिवस हे गृहस्थ दार अर्धवट उघडं ठेवून आत खुर्चीवर बसले आणि कोण कुठे हात घालतं ते पाहत राहिले. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला. नवखा माणूस जिन्याचा कठडा सोडला की पहिला हात उजव्या भिंतीला टेकवतो, हे त्यांनी हेरलं होतं. तिथे माझी बेल गेली. चाचांची बेल त्यांच्या दाराजवळ, पण चक्क कमरेच्या उंचीवर गेली. कारण त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक बाया शेजारच्या, आणि त्यांच्या दोन्ही हातांत झाकलेलं भांडं असायचं. त्या बेल कोपरानं वाजवत. कोपराच्या उंचीला लावलेली बेल मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलेली नाही.

हे वेड त्यांना खिडकीतच लागलं होतं. स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा मोठा फळा, आणि तो बरोबर चौकशीच्या खिडकीवर. तरी लोक फळ्याखाली उभे राहून चाचांनाच विचारायचे. दुसरा कोणी असता तर "वर लिहिलंय ना" म्हणून खेकसला असता. चाचांनी एक कोरी वही घेतली आणि जो प्रश्न येईल त्याच्यापुढे एक रेघ ओढायला लागले. महिनाभरानं वही उघडून पाहिली. मालेगावची गाडी किती वाजता, यापुढे जेमतेम चार रेघा. मालेगावची गाडी गेली काय, यापुढे पान भरून रेघा.

"समजलं काय इंजिनेर?" ते मला सांगत होते. "लोकाईले टाइम नव्हता पाह्यजे. त्याहीले धास्ती होती. गाडी गेली त नसन? आता सांग, धास्तीचं उत्तर फळ्यावर कुठी लिहेल हाय?"

मग त्यांनी खिडकीच्या दोन्ही अंगांना खिळे मारले आणि गावांच्या टिनाच्या पाट्या टांगल्या. अनसिंगची निळी, मेडशीची पिवळी, अशा. गाडी सुटली की त्या गावाची पाटी पालथी. अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा स्टँडच्या फाटकातूनच पाहायची, पिवळी सुलटी आहे, आणि घाई सोडून केळी घ्यायला थांबायची. मोठ्या साहेबांनी एकदा येऊन हा प्रकार पाहिला, हसले आणि राहू दिला म्हणे.

त्यांचं एक ठाम मत होतं आणि चाचा ते निकालपत्र वाचल्यासारखं सुनवायचे: "प्रश्न आला म्हन्जे आपन नापास."

विचारणारा नापास नव्हे, हं. आपण.

हा माणूस लग्नातसुद्धा गप्प जेवायचा नाही. जऊळक्याच्या एका लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. जेवण उभ्यानं, टेबलं मांडून. रांग वरणापाशी येऊन तुंबत होती. लोक कॅटररला नावं ठेवत होते. चाचा रांगेतून बाहेर पडले, एका खांबाला टेकून पाच मिनिटं नुसते पाहत राहिले, आणि मग टेबलाच्या त्या टोकाची वाट्यांची चळत उचलून या टोकाला, ताटांशेजारी आणून ठेवली. वरणापर्यंत पोचल्यावर लोकांना कळत होतं की वाटी घ्यायची राहिली, आणि ते उलटे फिरत होते. चळत हलली, रांग सुरू झाली. नवरीच्या बापानं हे लांबून पाहिलं आणि चाचांना हाक मारली, "ओ भौ, इकडे जिलबी संपली, जरा पाहा." चाचांनी जिलबीची परात आणून ठेवली. घरी येताना मी हसत होतो. चाचा गंभीर. म्हणाले, "जिलबी त्यानं बरोबर जागी ठेवेल होती. फक्त कमी आनली."

असा माणूस शेजारी असताना मी सॉफ्टवेअर बनवत होतो, ही माझी हिंमत.

माझ्याकडे तेव्हा काम एकच होतं. मेडशीकडच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती आणि सगळ्यांत मिळून एक मळणी यंत्र घेतलं होतं. सोयाबीन कापून सुडी, म्हणजे गंजी, रचली की मळणी यंत्राची पाळी लागते, आणि पाळीवरून दरवर्षी तोंडातोंडी होते. सचिवांनी मला सांगितलं, पाळी लावणारं ॲप करून द्या. मी मन लावून केलं. आधी नोंदणी, मग मोबाईलवर आकड्यांचा संकेत, म्हणजे ओटीपी, तो टाकला की रंगीत कॅलेंडर, आणि शेवटी हिरव्या चौकटीत क्रमांक. एकट्या कॅलेंडरवर माझे तीन आठवडे गेले होते.

चहाच्या वेळी मी ते चाचांना दाखवायला घेतलं. "हे बघा चाचा, इथे दाबलं की—"

"थांब," चाचा म्हणाले. "तू यासंग येतं काय?"

"कशासंग?"

"मोबाईलसंग. मेडशीच्या हर एक मानसाच्या खिशात बसून तू सांगनार हायेस काय, इथं दाब, तिथं दाब म्हनून? नाही ना? मंग चूप बस. हात मांडीखाली घे."

"हात?"

"घे म्हनतो. तुहे हात मोकळे असले का तू बोट दाखवशीन."

चाळिशी उलटलेला, पुण्यात लोकांच्या मुलाखती घेतलेला मी, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसलो. चाचांनी आत हाक मारली आणि चाची आल्या. त्यांनी ओढणीला हात पुसले आणि तापलेलं भांडं धरावं तसा मोबाईल दोन्ही बाजूंनी धरला. चाचा त्यांना एवढंच म्हणाले, "समज तुही सोयाबीन कापून पडेल हाय. मशीन बोलाव."

चाचींनी नाव घातलं. संकेताचा मेसेज वरून आला आणि त्या वाचायच्या आत निघून गेला. त्या अदबीनं थांबून राहिल्या, परत येईल म्हणून. तो कशाला येतोय. मग त्यांनी काहीतरी दाबलं, आणि त्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. पुन्हा नाव घातलं. माझी बोटं मांडीखाली वळवळत होती. चाचा माझ्याकडे पाहत होते, चाचींकडे नव्हे. अखेर चाचींनी मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि फार गोड हसल्या. "बेटा, तू लय चांगलं बनवलं असशीन. मीच येडी. मले नाही समजत."

त्या आत गेल्या. मी हात सोडवले. खरं सांगतो, मला जरा बरंच वाटलं होतं.

"आयकलं?" चाचा म्हणाले. आवाज एकदम बारीक. "शिवी देली तिनं तुले."

"कुठे? त्या तर चांगलं आहे म्हणाल्या."

"मी येडी म्हने थे. पन्नास मानसाईचा सैपाक नुसत्या अंदाजानं करते थे. मीठ कधी कमी नाही, कधी जास्त नाही. अन् तुह्या मोबाईलनं दोन मिनटात तिले येडी ठरवली. ह्याच्याहून मोठी शिवी कोनती असते सांग मले."

मी खोलीत गेलो, अक्षरं मोठी केली, संकेत काढून टाकला, आणि मनाशी म्हणालो, आता झालं.

काहीच झालं नव्हतं. सोयाबीन कापणीला आली, आणि चौथ्याच दिवशी सचिवांचा फोन. हे सचिव म्हणजे फार मर्यादशील माणूस. म्हणाले, "साहेब, ॲप लय भारी झालं तुमचं. फक्त थे कोनी वापरत नाही. सारे आमच्या गोदामाच्या खिडकीवरच येऊन राह्यले." मग म्हणाले, "आठ दिवस पाहतो. नाही जमलं त आमची जुनी वही काढतो. राग नका मानू."

मी कॅलेंडर पाहिलं. माझं नव्हे, भिंतीवरचं. आठ दिवसांपुढे दिवाळी होती. मेडशीचं काम गेलं की दुसरं काम नव्हतं, आणि दुसरं काम नसलं की मी पुण्याच्या गाडीत.

"खिडकी म्हनला काय तो?" चाचांनी विचारलं. बाकीचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एस.टी.नं मेडशीला उतरलो. कंपनीचं गोदाम रस्त्याला लागूनच. बाजूच्या भिंतीत लाकडी चौकटीची छोटी खिडकी, आत टेबल, आणि टेबलावर ती जुनी वही आधीच काढून ठेवलेली. खिडकी पाहताच चाचांनी सदऱ्याची बटणं लावली. "सचिवभौ, अर्धा दिवस बसू द्या मले." सचिव बिचारे उठले. मला चाचांनी मागे पोत्यांवर बसवलं आणि नजरेनंच सांगितलं, हात कुठे ठेवायचे ते.

पहिला माणूस आला. डोक्याला रुमाल, बाजूला मोटारसायकल चालूच. "मशीन कुठी हाय?"

सचिवांनी मागून मोबाईल पाहून सांगितलं, "भौ, तुमचा नंबर एकोणतीस."

"नंबर राहू द्या हो. मशीन कोनाच्या वावरात हाय थे सांगा."

"आंब्याच्या वावरात."

"बस," माणूस म्हणाला आणि गेला. चाचांनी सोबत आणलेल्या कोऱ्या वहीत रेघ ओढली.

मग एक बाई आली. तिनं नंबर ऐकून घेतला, मान हलवली आणि म्हणाली, "हो, पन मशीन कुठवर आली?" मग दोघं भाऊ आले. मग एक गृहस्थ आले, त्यांनी माझं ॲप स्वतःच्या मोबाईलवर उघडून, माझा हिरवा क्रमांक खिडकीतून चाचांना दाखवून विचारलं, "हे असं दाखवून राह्यलं. पन मशीन हाय कुठी?" मी मांडीखाली हात इतके दाबले की मुंग्या आल्या.

दुपारी चाचांनी आपली वही माझ्यासमोर धरली. एकच ओळ, आणि तिच्यापुढे रेघाच रेघा.

"नंबर किती जनाईनं इचारला?"

"कोणीच नाही."

"मंग तू नंबर कायले देऊन राह्यला?"

"कारण ते न्याय्य आहे," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. "जो आधी नोंद करेल त्याला आधी मशीन. यात काय चुकलं?"

सचिव खाकरले. "साहेब, एक नंबर कोनाचा आला, माहीत हाय काय? ओढ्याकाठच्या मावशीचा. तिच्या पोरीनं अकोल्यावरून नोंद केली, सर्वाईच्या आधी. आता मावशीचं वावर पार शेवटी. मधात बाकी साऱ्याईची वावरं. त्या वावराईतल्या सुड्या वाटेवर रचेल, अन् सोयाबीनच्या मधात तूर उभी हाय. टॅक्टर काय उडत जाईन तिथं?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्या गोदामातल्या पोत्यांनाही ठाऊक असावं. मशीन पांदणीच्या गाडीवाटेकडून शिवारात शिरते. पहिल्या वावराची मळणी झाली, सुडी उठली, की तिथून पुढच्या वावराला वाट मोकळी होते. अशी ती एकेक वावर करत ओढ्यापर्यंत जाते. पाळी आधीच ठरलेली असते, बांधांनी ठरवलेली. भांडण होतं ते कोणी मधूनच घुसवून घेतलं तर, आणि मी ते घुसवणं ॲपमध्ये घालून दिलं होतं. मशीन कोणाच्या वावरात आहे एवढं कळलं की प्रत्येकाला आपली पाळी आपोआप कळते. घरी जेवून यायचं की ताडपत्री उचलायची, तेही कळतं.

"हे मला आधी कोणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुमी इचारलं काय?" सचिव म्हणाले. टोमणा मारला नव्हता त्यांनी. खरंच विचारत होते.

परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि मनातल्या मनात माडीवरची खोली रिकामी करत होतो. चाचा शेजारी शेंगा खात होते. मालेगाव गेल्यावर म्हणाले, "तोंड काहून पाडलं? माह्या खिडकीवर सत्रा परकारचे प्रश्न होते. तुह्या नशिबात एकच निंघाला. मुबारक हो."

दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन चालवणाऱ्यालाच पाहायला वावरात गेलो. तोंडाला फडकं, पापण्यांवर कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात. मी म्हणालो, याला एक मोठं बटण करून देऊ, वावर झालं की दाबायचं. चाचांनी बांधावर बसकण मारली. "आधी पाहू त दे, तो काय करते."

मळणी संपली. त्यानं मशीन थांबवली, पाणी प्यायला, आणि पिशवीतूनच मोबाईल दाबून पुढच्या शेतकऱ्याला फोन लावला. "या भौ, ताडपत्री घेऊन या." पुढच्या वावरातही तेच. त्याच्या पुढच्यातही.

"पाह्यलं?" चाचा म्हणाले. "फोन तो करतेच हाय. त्याले नवीन काही शिकवू नको. आधी तुह्या नंबरवर एक मिसकॉल, मंग त्या मानसाले फोन. झालं."

असं ते ठरलं. मशीनवाल्याचा मिसकॉल आला की माझा संगणक एक वावर पुढे सरकणार. शेतकऱ्यानं त्याच नंबरला फोन लावायचा, आणि मशीन कुठे आहे ते आवाजात ऐकायचं. ज्याच्याकडे मोठा मोबाईल असेल त्याला पडद्यावर तेच एक वाक्य, मोठ्या अक्षरांत. नोंदणी गेली. हिरवी चौकट गेली. कॅलेंडर गेलं, आणि त्याचा शोक मी एकट्यानं केला. चाचांनी एकच गोष्ट वाढवायला लावली: मशीनवाल्याचे लागोपाठ दोन मिसकॉल आले, म्हणजे मशीन बिघडली, तर तसंही सांगायचं. "खोटी आस नको लावू कोनाले. बिघडली त बिघडली म्हन. मानूस घरी जाऊन दोन घास खाईन तरी."

आवाज कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. पण चाचा मोबाईलसमोर बसले आणि गप्प. घसा साफ केला, पुन्हा गप्प. "नाही जमत," म्हणाले. "कोनी इचारल्याबगर मी कसा बोलू?" त्यांचा जन्म उत्तरं देण्यात गेला होता. कोऱ्या हवेत बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यात चाचींचा कुकर शिट्ट्या मारत होता. शेवटी बाहेरचा आवाज अडवायला चाचींनी गोधडी दिली. दुपारच्या उकाड्यात आम्ही दोघं गोधडी डोक्यावर घेऊन समोरासमोर बसलो, आणि मी प्रत्येक वेळी विचारायचं, "चाचा, मशीन कुठी आली?" मग त्यांची मान उजवीकडे कलायची आणि ते सांगायचे, "मशीन आता आंब्याच्या वावरात हाय." पुन्हा मी. "चाचा, मशीन कुठी आली?" "मशीन आता खदानीपलीकडच्या वावरात हाय." गटनंबर त्यांनी एकही घेऊ दिला नाही. लोक वावराला ज्या नावानं हाक मारतात तेच नाव. चाळीसेक वावरं झाली तेव्हा आम्ही दोघंही घामानं निथळत होतो. चाचींनी गोधडी उचलून पाहिलं आणि आत जाऊन पंखा आणला.

आठव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. पाऊस आला तर सुड्या भिजणार, म्हणजे आज मळणी राहिलेलं सगळं शिवार मशीनवर डोळे लावून बसणार. सगळ्यात जास्त ओढ्याकाठची मावशी. तिची सुडी शेवटची. सचिवांनी जुनी वही टेबलावर ठेवली, तिच्यावर पेन ठेवलं. मी पोत्यांवर, हात मांडीखाली, आता न सांगताच. चाचा खिडकीत. आज ते दाढी करून, अत्तर लावून आले होते.

साडेआठ वाजले. कोणी आलं नाही. चाचांनी खिडकीची कडी तपासली. उघडीच होती.

नऊ. समोरच्या रस्त्यानं माणसं जात होती, कानाला मोबाईल. एक जण थांबला, ऐकलं, मोटारसायकल वळवली आणि ताडपत्री आणायला गेला. दुसऱ्यानं ऐकलं आणि चहाच्या टपरीवर निवांत बसला. त्याच्या पाळीला वेळ होता हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. दहाला एक माणूस सरळ खिडकीकडे आला. चाचा ताठ झाले, मान खाली, उजवीकडे कलती. त्या माणसानं खिडकीच्या चौकटीला पाय टेकवला, चपलेचा पट्टा नीट केला आणि चालता झाला.

अकराच्या सुमाराला मावशी आली आणि खिडकीखालच्या दगडावर बसली. तिनं फोन लावला. आवाज मोठा ठेवलेला. खिडकीच्या खालून चाचांचाच आवाज आला: "मशीन आता..." चाचांना राहवेना, त्यांनी मुंडी बाहेर काढली. "मावशी, मशीन आता खदानी—"

"थांब ना बाप्पा," मावशीनं वर न पाहता हात केला. "थो मानूस सांगून राह्यला, आयकू दे."

ती पुरतं ऐकून घेऊन, दोनदा ऐकून घेऊन, उठून गेली. दुपारी मशीन तिच्या वावरात शिरली. सुडी मळून झाली, दाणे ताडपत्रीखाली गेले, आणि मग पावसाचे चार टपोरे थेंब आले. आभाळालाही मिसकॉल गेला असावा.

सचिवांनी टेबलावरचं पेन उचलून खिशाला लावलं, वही दोरीनं बांधली आणि कपाटावर टाकली. "साहेब, तुरीलेबी हेच ठेवू," ते म्हणाले, आणि मला तेवढं पुरलं. मी गोदामाबाहेर जाऊन बायकोला फोन लावला. तिनं फोन उचलताच मी म्हणालो, "सामान बांधा." तिनं मागे मुलीला काहीतरी सांगितल्याचा आवाज आला.

परत आलो तर गोदामात कोणी नव्हतं. सचिव वावराकडे गेले होते. चाचा एकटे खिडकीत, पुढ्यात उघडं पान, त्यावर एकही रेघ नाही. बाहेर माणसं येत-जात होती, हसत होती, ओल्या ताडपत्र्या झटकत होती. खिडकीकडे कोणी पाहतसुद्धा नव्हतं. मी त्यांचं अभिनंदन करायला पुढे झालो. पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं, मुंडी खिडकीतून खांद्यापर्यंत बाहेर काढली, आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं बोलून गेले:

"अरे, कोनी काही इचारा त सही."